‘तातडी’ संपते कुठे?

एप्रिल-मे आला की छाणी जकातनाक्याच्या आसपासच्या सोसायट्यांमध्ये बॅगा टांगायचे वजनकाटे बाहेर निघतात. एका बॅगेत २३ किलो. मेथीचे खाकरे, गोडा मसाला, डिंकाचे लाडू, तान्ह्या नातवासाठी दुपटी. मुलगा न्यू जर्सीत किंवा टोरांटोत, सून बाळंतीण, आणि आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी निघालेले. औषधांची पिशवी वेगळी असते: बीपीची गोळी, शुगरची गोळी, आजोबांना रक्त पातळ करणारीही. प्रवास विम्याची पॉलिसी मात्र एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पीडीएफमध्ये असते, आणि ती उघडून पाहायला कोणाला सवड झालेली नसते.

छाणी हे बडोद्याच्या उत्तरेचं जुनं गाव, आता शहरातच आलेलं. शेजारी १९६२ साली स्थापन झालेला गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा कारखाना आणि त्याची फर्टिलायझरनगर वसाहत. जैन समाजात छाणीची ओळख दीक्षा घेणाऱ्यांचं गाव अशी. इथल्या अनेक घरांतून माणसं साधू-साध्वी होऊन निघाली, ती पायी. त्याच गावातून आता माणसं मुलांकडे निघतात ती विमानाने, गुडघे धरत.

बडोद्याला परदेशप्रवास नवा नाही. सयाजीराव महाराज १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले तेच मुळी प्रकृतीसाठी. निद्रानाशाने ते हैराण झाले होते. पुढे डॉ. सुमंत मेहता त्यांचे खाजगी डॉक्टर झाले. राजाला पदरी डॉक्टर ठेवता येतो. बाकीच्यांना पॉलिसी घ्यावी लागते, आणि ती डॉक्टरसारखी शब्दापलीकडचं समजून घेत नाही.

सगळी मेख ‘तातडी’ या एका शब्दात आहे. समजा, आजोबांच्या छातीत रात्री दोनला कळ आली. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे, की इमर्जन्सी विभागात आलेल्या रुग्णाची आधी तपासणी करायची आणि प्रकृती स्थिर करायची. पैसे आहेत की नाहीत यावर ते अडवायचं नाही. बिल मात्र नंतर घरी येतंच. ते भरायला प्रवास विमा असतो, पण त्याचीही धाव साधारण तेवढीच. जीव वाचवा, रुग्णाला प्रवासाला योग्य करा. डॉक्टरांनी ‘विमानाने जायला हरकत नाही’ असं लिहून दिलं, की पुढचे उपचार भारतात घ्या, असं कंपनी म्हणू शकते. गुडघे बदलणं, नेहमीची तपासणी, संपलेल्या गोळ्या, लांबणारे उपचार यांतलं काहीच सहसा बसत नाही. मेडिक्लेम वर्षानुवर्षं भरलेल्या माणसाला हे पचत नाही, कारण तो दोन्हींना विमाच म्हणत असतो.

दुसरी मेख आधीच्या आजारांची. कितीतरी पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात. काहींत जिवावर बेतलं तरच, आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत, खर्च मिळतो. फॉर्म भरताना एजंट म्हणतो, ‘‘काका, डायबिटीस कशाला लिहिता? प्रीमियम वाढेल.’’ काका लिहीत नाहीत. मग तिकडे हॉस्पिटलात नर्स विचारते, शुगर आहे का, कधीपासून? तिथे माणूस खरंच बोलतो, बोलायलाच हवं. ‘बारा वर्षं’ हे दोन शब्द केसपेपरवर जातात, आणि तो केसपेपर क्लेमसोबत कंपनीकडे. प्रीमियमचे वाचलेले हजार-दोन हजार रुपये इथे फार महागात पडतात.

प्रत्येक देशाची रीतही वेगळी. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा, म्हणजे तीस लाख रुपयांच्या आसपासचा, वैद्यकीय विमा सक्तीचा. त्यात आजारपणात मायदेशी आणण्याचा आणि मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. मुलांकडे दीर्घकाळ राहायला जाणाऱ्या आई-वडिलांसाठीच्या कॅनडाच्या सुपर व्हिसाला किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा, वर्षभराचा विमा लागतो. ब्रिटनमध्ये इमर्जन्सी विभागातले उपचार पाहुण्यालाही फुकट, पण वॉर्डात भरती केलं की सहसा त्यांच्या सरकारी दराच्या दीडपट आकारणी. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा विमा मागतच नाही. उपचार जिथे सर्वांत महाग, तिथेच सक्ती नाही! म्हणून छाणीतले पुष्कळजण स्वस्तातली स्वस्त पॉलिसी उचलतात.

पहिल्या पानावर लाख डॉलर लिहिलेले दिसतात. साठीपुढच्यांच्या कित्येक पॉलिसींमध्ये मात्र आतल्या तक्त्यात खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी यांना वेगवेगळी मर्यादा असते. शिवाय सुरुवातीची काही रक्कम स्वतः सोसायची. सबंध पीडीएफ वाचायचा कंटाळा असेल, तर निदान तो तक्ता आणि वगळलेल्या गोष्टींचं पान वाचावं. बाकी बरंचसं कायदेशीर पाल्हाळ असतं.

पॉलिसीवर चोवीस तास चालणारा मदतीचा नंबर असतो. तो आजोबांच्या फोनमध्ये असून भागत नाही, कारण त्या वेळी आजोबा स्ट्रेचरवर असतात. तो मुलाच्या आणि सुनेच्या फोनमध्ये हवा, पॉलिसी नंबरासकट. अमेरिकेत आधी ९११, मग हा नंबर. कळवायला उशीर झाला तर कॅशलेस हुकतं, बिल आपण भरायचं आणि पावत्या घेऊन मागे लागायचं. डिस्चार्जचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, सगळं जपून ठेवावं लागतं.

क्लेम नाकारला गेला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. तिने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत मात्र जायला हवं. गुजरातसाठीचं लोकपाल कार्यालय अहमदाबादला आहे, छाणीहून एक्सप्रेसवेने दीड-दोन तासांवर.