नवा संगणक रुसतो तेव्हा

घरात नवे यंत्र येणे हा आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत आजही एक छोटेखानी समारंभच असतो. एके काळी शिवणयंत्राला किंवा रेडिओला जसे हळदीकुंकवाचे बोट लागे, तसेच आता संगणकाला लागते. त्यातही अलीकडे तयार संगणक विकत न घेता प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय, कॅबिनेट असे सुटे भाग निवडून आणावेत आणि घरीच जोडावेत, अशी उमेद तरुण मुलामुलींत दिसू लागली आहे. ही उमेद स्तुत्य आहे. गरजेपुरतेच पैसे खर्च होतात, पुढे एखादा भाग बदलता येतो आणि यंत्राची ओळख हातांना होते. परंतु सगळी जोडणी झाल्यावर कळ दाबावी आणि पडदा काळाच राहावा, असा प्रसंगही पुष्कळ घरांत येतो. त्या घटकेला मुलाचा चेहरा उतरतो आणि घरातील वडील मंडळी ‘तयारच आणला असता तर!’ असे म्हणून मोकळी होतात. काटकसरीने साठविलेले पैसे आणि नुकताच अंकुरलेला आत्मविश्वास, दोन्ही पणाला लागलेले असतात. अशा वेळी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, नवे यंत्र पहिल्याच हाकेला ओ देत नाही ही गोष्ट संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वदेशी संगणक बांधावयास घेतला, तेव्हा त्यांनी एकदम पूर्ण यंत्राला हात घातला नाही. त्याच रचनेचे एक लहान प्रायोगिक यंत्र त्यांनी आधी उभे केले. ते १९५६ साली चालू झाले आणि रचना पारखून झाल्यावरच मोठ्या यंत्राचे काम हाती घेण्यात आले. सुमारे २,७०० निर्वात नलिकांचे ते मोठे यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. आधी थोडके जोडून ते चालते की नाही हे पाहावे आणि मग वाढवावे, ही त्या मंडळींची रीत घरच्या संगणकालाही तंतोतंत लागू पडते.

आपण सुरतकरांना तर ही रीत परकी वाटू नये. जेकार्डच्या मागावर छिद्रांचे पुठ्ठे लावून नक्षी विणण्याची युक्ती १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाली आणि त्याच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली. म्हणजे साडीचा माग आणि संगणक यांचे नाते चुलतभावंडांचे आहे. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, हे आपल्या वस्तीतील लहान मुलासही ठाऊक असते. संगणकातही अशीच सोय आहे. कळ दाबताच तो कामाला लागत नाही. मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम साठविलेली ‘बायोस’ नावाची आज्ञावली आधी जागी होते आणि प्रोसेसर, रॅम, चित्र दाखविणारा भाग, साठवणुकीची डिस्क यांची हजेरी घेते. कोणी गैरहजर आढळला की ती तेथेच थांबते. १९८१ साली आलेला आय. बी. एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक हजेरी पूर्ण भरल्यावर एकच लहानशी शिट्टी देत असे. आज बऱ्याच मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात. त्यांतील ज्या नावाचा दिवा पेटून राहील, तेथे अडचण आहे असे समजावे. शिट्टीसाठी लागणारा इवलासा स्पीकर हल्ली पुष्कळ कॅबिनेटांत नसतो, परंतु तो थोडक्या पैशांत वेगळा मिळतो आणि बोर्डाच्या पुस्तिकेत शिट्ट्यांचा अर्थ दिलेला असतो.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: यंत्र नेमके कोणत्या पायरीवर थांबले?

काहीच हालचाल नसेल, पंखादेखील फिरत नसेल, तर दोष बहुधा विजेच्या वाटेवर असतो. भिंतीवरील सॉकेटात दुसरे उपकरण लावून पाहावे. पॉवर सप्लायच्या पाठीमागे एक स्वतंत्र बटण असते, ते चालू आहे ना हे पाहावे. काही पॉवर सप्लायवर ११५ आणि २३० व्होल्ट असे निवडण्याचे लाल बटण असते. आपल्याकडे ते २३० वरच हवे. ते ११५ वर राहिले तर वीज लावताक्षणी भाग जळू शकतो, म्हणून ही तपासणी कळ दाबण्याच्या आधीची आहे. कॅबिनेटच्या कळीची बारीक वायर बोर्डावरील नेमक्या दोन पिनांवर बसली आहे की नाही, हेही पाहावे.

पंखे फिरतात पण पडदा काळा, हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. बोर्डाला विजेच्या दोन वेगळ्या वायरी लागतात: एक २४ पिनांची मोठी आणि दुसरी प्रोसेसरजवळची, सामान्यतः ८ पिनांची. ही दुसरी वायर कोपऱ्यात असल्याने नवख्याच्या नजरेतून निसटते. ती नसली तरी पंखे फिरतात, परंतु प्रोसेसर निद्रिस्तच राहतो. त्यानंतर रॅम पाहावी. रॅमची पट्टी खाचेत पूर्ण दाबली की खिट्टीचा ‘टक्’ असा आवाज येतो. तो येईपर्यंत ती बसली असे मानू नये. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवावयाच्या असतात. मग मॉनिटरची वायर पाहावी. काही प्रोसेसरांत चित्र दाखविण्याची सोय मुळातच नसते. तेथे वेगळे ग्राफिक कार्ड लागते आणि मॉनिटरची वायरही त्या कार्डालाच जोडावी लागते. शेवटी बोर्ड आणि प्रोसेसर यांची जुळणी पाहावी. प्रोसेसर नव्या पिढीचा आणि बोर्डातील बायोस जुनी असेल, तर सॉकेटात तो चपखल बसूनही बोर्ड त्याला ओळखत नाही. अशा वेळी बायोस अद्ययावत करून घ्यावी लागते.

येथे उतावळेपणा आवरावा. डीडीआर ५ जातीची नवी रॅम पहिल्या वेळी बोर्डाशी जुळवून घेण्यास काही मिनिटे घेते आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. पुष्कळजण याच वेळी वीज तोडतात आणि जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दहा-पंधरा मिनिटे वाट पाहण्यात काहीही जात नाही. त्याचप्रमाणे पडद्यावर अक्षरे उमटली, परंतु चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही असा संदेश आला, तर तो दोष नव्हेच. नवी डिस्क कोरी असते, तीवर विंडोज किंवा लिनक्स चढवावयाचे बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उधना भागातील एका घरी मी पाहिलेला प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या अभ्यासासाठी संगणक जोडला. कळ दाबली की पंखे क्षणभर फिरत आणि थांबत. पॉवर सप्लाय सदोष असावा म्हणून ती दुकानात गेली, तर दुकानदाराने तो चालवून दाखविला आणि बोर्डाकडे बोट केले. बोर्ड दुसऱ्या दुकानातून घेतलेला. तेथे प्रोसेसरवर संशय घेण्यात आला. चार दिवस हेच चालले आणि घरात बोलाचाली होऊ लागली. तिचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. ते एवढेच म्हणाले, “सर, माग अडला तर आम्ही सगळे धागे तोडत नाही. एकेक सोडवून बघतो.” मग आम्ही सर्वांनी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढला, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी एवढेच जोडले आणि कळीच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकविले. मॉनिटरवर लगेच अक्षरे उमटली! म्हणजे सगळे भाग निर्दोष होते. कॅबिनेटमध्ये पाहता, बोर्डाला जेथे भोकच नाही अशा जागी एक पितळी टेकू बसविलेला आढळला. त्याचा बोर्डाच्या पाठीला स्पर्श होऊन शॉर्ट होत होता आणि पॉवर सप्लाय स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडत होता. टेकू काढला, काम झाले. तीन भागांवर आलेला आळ पाहता, चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच तो प्रकार ठरला असता.

या प्रसंगात कोणी लबाड नव्हते. प्रत्येकाने आपापला भाग तेवढा पाहिला, संपूर्ण यंत्र कोणीच पाहिले नाही. म्हणूनच किमान भागांवर यंत्र चालवून पाहणे आणि मग एका वेळी एकच वस्तू वाढविणे, हा मार्ग सर्वांत खात्रीचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक आलटून पालटून लावावी. बायोसमधील नोंदी बिघडल्याचा संशय असेल तर वीज पूर्ण तोडून बोर्डावरील ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी. म्हणजे नोंदी मूळपदावर येतात.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. कोणतीही वायर काढता-लावताना भिंतीवरील प्लग उपटून ठेवावा. भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावरील स्थिर विजेची ठिणगी चिपला मारक ठरते. पॉवर सप्लायचा डबा कदापि उघडू नये, कारण वीज काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक दाब टिकून राहतो. प्रोसेसरवरील पंख्याच्या तळाला चिकटविलेला पारदर्शक कागद काढल्याची खात्री करावी. आणि घरातील तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे ना, हे जाणत्या वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. जुन्या चाळींत तिसरे भोक पुष्कळदा शोभेपुरतेच असते. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर तो इशाराच समजावा.

आणखी एक सूचना पालकांना. प्रत्येक भागाचे बिल आणि खोके वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवावे आणि मुलाला एक साधी वही द्यावी. काय बदलले आणि काय घडले, हे त्याने तारीखवार लिहावे. दुकानदारापुढे ती वही ठेवली म्हणजे वादाला जागा उरत नाही. दुरुस्तीचे काही दिवस घरात आदळआपट न करता, मुलाजवळ बसून ‘आता पुढची कोणती पायरी पाहू या?’ एवढे विचारावे. यंत्र आज ना उद्या सुरू होतेच, एखादा भाग खरोखर सदोष निघाला तर तो बदलूनही मिळतो. परंतु अडलेल्या कामापुढे न गांगरता बसण्याची सवय घरातच लागावी लागते आणि ती लावण्याची अशी संधी वारंवार येत नाही.