डबा रिकामा परत जात नाही

एव्हाना तुमच्या घरी फोन येऊन गेला असेल. ‘‘पंचवीसला निघतोय, चार दिवस आहोत. थंडी आहे का रे तिकडं?’’ मुंबईची मावशी, पुण्याचा मामा, त्यांची दोन पोरं आणि त्या पोरांचा एखादा मित्र, ज्याला ‘खरा तांबडा-पांढरा’ खायचाय. त्यात यंदा पंचवीस डिसेंबर गुरुवारी आलाय. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस सुट्टी, हा हिशोब अख्ख्या महाराष्ट्रानं एकदमच केलेला असतो. मग कोल्हापुरात राहणाऱ्याच्या घराचं लॉज होतं आणि घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराचा गाईड कम ड्रायव्हर. अंबाबाईच्या दर्शनाची रांग, रंकाळ्यावरची भेळ, पन्हाळा, जोतिबा, येताना चप्पल खरेदी. पायाचं माप न देता ‘माझ्यासाठी पण एक आण’ म्हणणाऱ्या काकूंना दुकानातून व्हिडिओ कॉल. पेट्रोल तुम्ही घालायचं आणि मागच्या सीटवरून भावंडानं विचारायचं, ‘‘इथं करायला अजून काय आहे?’’

हसू नका, आमच्याकडंही तेच. फरक एवढाच, की आमच्याकडं येणारे सुट्टी आहे म्हणून येत नाहीत, सण आहे म्हणून येतात. आम्ही कोल्हापूरचे ख्रिस्ती.

हे कॉलेजात पहिल्यांदा सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘‘म्हणजे तुम्ही मूळचे गोव्याचे?’’ नाही भावा, मूळचे इथलेच. ‘‘घरात इंग्लिश बोलता?’’ यावर मी त्या मित्राला थेट आमच्या आजीसमोर नेऊन बसवतो. ‘‘काय रं, जेवलास काय?’’ एवढं तिनं विचारलं की पुढचे प्रश्न आपोआप संपतात.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये बायकोसह कोल्हापुरात आले. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच, कोल्हापुरात जन्मला आणि पुढं १८८६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांची जी मोठी मिशनरी चळवळ उभी राहिली, तिच्या सुरुवातीला हा तेवीस वर्षांचा कोल्हापूरचा पोरगा होता. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं. आमच्यासारख्या कितीतरी घरांत एखादी आत्या नाहीतर मावशी मिरजेला नर्स असते, त्याचं मूळ तिथं आहे. आजऱ्याकडं, सावंतवाडीकडं कॅथलिक घरं आहेत, त्यांची बोली कोकणी, त्यांचा नाताळ गोव्याच्या वळणाचा. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती जेमतेम एक टक्का भरतात. म्हणजे शंभराच्या वर्गात एक. तो एक सगळ्यांना सांगत बसतो, की आमच्याकडं सांता चिमणीतून येत नाही, कारण चिमणीच नाही.

आमच्या नाताळात काय असतं? करंज्या, चकल्या, शंकरपाळी, चिवडा. हो, तोच फराळ. दिवाळीत तुमचा डबा आमच्याकडं, नाताळात आमचा तुमच्याकडं. आकाशकंदीलसुद्धा तोच. शेजारच्या काकूंनी उतरवला की आम्ही आमचा चांदणीचा लावतो. केक असतोच, पण आजी सांगते तो केक वेगळा. तेव्हा घरात ओव्हन नव्हता. मिश्रण घरी कालवायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये ओतायचं, वर नावाची चिठ्ठी लावायची आणि बेकरीच्या भट्टीत नेऊन द्यायचं, जशी नानकटाई नेतात तशीच. चिठ्ठी जळाली की कुणाचा केक कुणाच्या घरी गेला यावर जानेवारीपर्यंत बोलणं चालायचं.

करंज्यांची रात्र तेवीस डिसेंबरची. मिरजेहून आत्या दुपारीच येते, मुंबईचे चुलते महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरलेले असतात. बायका खाली बसून लाटायच्या, पुरुष बाहेर खुर्च्या टाकून ऊसदर आणि महापालिकेवर बोलायचे आणि आम्ही पोरं ‘जरा जाऊन येतो’ म्हणून गायब व्हायचो. हे वर्षानुवर्षं चाललं. तीन वर्षांपूर्वी मोठ्या काकांच्या लेकीनं, म्हणजे ताईनं, दारातच अडवलं. म्हणाली, ‘‘जो खाणार तो किमान वीस कातणार. नाहीतर चोवीसला चहाबरोबर बिस्कीट.’’ ताई लॉ करते, त्यामुळं बोलणं अटी-शर्तींसकट असतं. आम्ही बसलो. माझ्या पहिल्या पाच करंज्या तेलात फुटल्या आणि आजीनं कढईतलं सारण झाऱ्यानं काढत जे शब्द वापरले, ते इथं छापता येणार नाहीत. पण तुम्हाला खरं सांगू, घरातल्या गोष्टी कळतात त्या या वेळेला. बाहेरच्या खुर्च्यांवर राजकारण कळतं, पण आजोबा मॅट्रिकला दोनदा नापास झाले होते हे कळायला कातण हातात घ्यावं लागतं.

आता मूळ गोष्ट.

मोठे काका आणि बाबा बोलत नाहीत. २०२२ मध्ये आजोबा गेले, त्यानंतर सहा महिन्यांत घराच्या मधोमध पत्र्याचं पार्टिशन आलं. आधी नाताळाला एका हॉलमध्ये बावीस माणसं जेवायची, आता पत्र्याच्या अलीकडं एक नाताळ आणि पलीकडं दुसरा. मुंबईचे चुलते सकाळी इकडं, संध्याकाळी तिकडं. बिचाऱ्या आत्याला दोन्हीकडं पोटभर जेवावं लागतं, कारण एकीकडं कमी जेवली तर त्याचा अर्थ निघतो. चर्चमध्ये दोघे भाऊ येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात, उपासना संगीतातलं तेच टिळकांचं गीत गातात. मध्यरात्री कॅरल म्हणणारी पोरं ढोलकी आणि गिटार घेऊन गल्लीत येतात, तेव्हा आमचं दार उघडतं, त्यांचंही उघडतं. पोरं मध्ये उभी राहून गातात आणि दोन्हीकडचा चहा-केक खाऊन जातात. त्यांची चंगळ.

तुमच्या घरात असं काही नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. पण बऱ्याच जणांच्या असेल. नाताळ नसेल, ‘यंदा गणपती कुणाकडं’ असेल, शेताचा बांध असेल, आजीचे दागिने असतील. आणि तुम्ही वीस-एकवीस वर्षांचे, शिकलेले, तुम्हाला वाटत असतं की ही म्हातारी माणसं उगाच भांडतायत, आपण मध्ये पडून मिटवू. मी पडलो होतो. पहिल्याच वर्षी फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. प्रभू येशू, क्षमा, आजोबांचा फोटो, शेवटी हात जोडलेले. रात्री अकराला टाकला, सव्वाअकराला काका ग्रुपमधून बाहेर. साडेअकराला बाबाही बाहेर. सकाळी आजी म्हणाली, ‘‘झालं समाधान?’’ तो ग्रुप आता फक्त गुड मॉर्निंगसाठी आहे. भावंडांचा वेगळा आहे, त्यात मोठं कुणी नाही.

गेल्या वर्षी करंज्या कातताना ताईनं वेगळाच विषय काढला. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नाही. अशा वेळी ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात विधवेचा एक तृतीयांश वाटा आणि राहिलेलं सगळ्या मुलांत सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही. म्हणजे घराचे नऊ भाग धरले तर तीन आजीचे, आणि काका, बाबा, आत्या यांचे प्रत्येकी दोन. ताईनं पोळपाटावर पिठात रेघा ओढून दाखवलं. पार्टिशन मात्र दोन भागांचं आहे, निम्मं-निम्मं. आत्या लाटता लाटता थांबली. आजी म्हणाली, ‘‘म्हणजे सगळ्यात जास्त माझं?’’ आणि मग इतकी हसली की तिला ठसका लागला. ज्या घरावरून दोघे लेक तीन वर्षं बोलत नाहीत, त्यात सगळ्यात मोठा वाटा जिचा, तिला कुणी विचारलंच नव्हतं. (तुमच्यापैकी हिंदू घरांतल्या मुलींनो, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती २००५ ची आहे. तुमच्या घरच्या ‘वाटणी’त तुमचं नाव धरलंय का, हे एकदा बघून घ्या.) ताईनं हे दोन्ही बापांना अजून सांगितलेलं नाही. ‘‘दावा लागला तर वकील सांगेलच,’’ म्हणते. बाबांचे एक मित्र परवा म्हणालेच, आता ऑगस्टपासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, वरपर्यंत लढायचं तर मुंबईला जायलाही नको. काय बोलावं?

पण डब्याचं सांगायचं राहिलं. आजी आमच्याकडं राहते. पार्टिशन झालं त्या वर्षीच्या चोवीस डिसेंबरला तिनं स्टीलचा मोठा डबा करंज्यांनी भरला आणि माझ्या हातात दिला. ‘‘ह्यो डबा घे आन् पलीकडं दिऊन ये. कुणी दिला म्हणून इचारलं तर गप ऱ्हायचं.’’ पार्टिशनपलीकडं म्हणजे आठ फूट. पण पत्र्याला दार नाही, त्यामुळं पुढच्या दारानं बाहेर, गल्लीनं वळसा, त्यांचं मागचं दार. काकूनं दार उघडलं, डब्याकडं पाहिलं. त्यावर आजोबांचं नाव कोरलेलं आहे, लग्नातला आहेर. कुणी दिला हे विचारायची गरजच नव्हती.

आता तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडं कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. निदान चार साखरेचे दाणे तरी घालतात. एकतीसला रात्री, वर्षअखेरच्या उपासनेला निघताना, काकांचा मुलगा डबा घेऊन आला, आत काकूच्या चकल्या. म्हणजे आता डबा आमच्याकडं. पुढच्या वर्षी आजीनं परत भरला. परत आला, शंकरपाळी. बाबा ती शंकरपाळी खायचे नाहीत. रात्री उशिरा किचनमध्ये डबा उघडल्याचा आवाज यायचा, तो भाग वेगळा.

गेल्या वर्षी डबा एकतीसला आला नाही. दोन जानेवारी, तीन जानेवारी. आजी काही बोलेना, पण रोज सकाळी फडताळातली ती जागा पुसायची. पाच तारखेला मीच गेलो. दार काकांनी उघडलं. तीन वर्षांत आम्ही दोघं समोरासमोर फार वेळा आलो नव्हतो. मी म्हणालो, ‘‘डबा न्यायला आलोय.’’ ते म्हणाले, ‘‘थांब.’’ आत गेले. काकू माहेरी गेली होती, फराळ संपला होता. बराच वेळ कपाट उघडल्या-मिटल्याचे आवाज. शेवटी बाहेर आले तेव्हा डब्यात बाजारचा चिवडा होता, पुडा फोडून ओतलेला. माझ्या हातात देताना परत घेतला, झाकण उघडलं, एक चिमूट तोंडात टाकली. ‘‘तिखट आहे,’’ म्हणाले. ‘‘त्याला ॲसिडिटी होते ना अजून?’’

मी हो म्हणालो. काका परत आत गेले आणि चिवडा काढून त्यात खारी बिस्किटं भरून आणली.

हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं नाही. बाबांसमोर डबा ठेवला आणि म्हणालो, काकांनी खारी दिलीय, चिवडा तिखट होता म्हणून. बाबा पेपर वाचत होते. पान उलटलं. बस, एवढंच. संध्याकाळी चहाबरोबर खारी मात्र सगळ्यांसमोर खाल्ली.

म्हणून सांगतो, पाहुणे येतील तेव्हा ‘पॅकेज किती’ला वैतागून गच्चीवर मोबाईल घेऊन बसू नका. निरोप, डबे, चपलेचे बॉक्स, स्टेशनवर न्यायला जाणं, ही असली हमाली आपल्याच वाट्याला येते आणि मोठ्यांना एकमेकांच्या घरात शिरायला दुसरा रस्ता उरलेला नसतो. भाषण ठोकू नका, मी ठोकून बघितलंय. आणि पन्हाळ्याला नेणार असाल तर सकाळी लवकर न्या, उशिरा गेलात तर वर गाडी लावायला जागा मिळणार नाही.

आमच्याकडं करंज्या मंगळवारी रात्री. ताई, तिचा भाऊ, आत्याची दोन्ही पोरं येणार आहेत. डबा आजीनं परवाच चिंच लावून घासून उन्हात ठेवला होता. काल बाबा बाजारातून आले, पिशवीत दोन किलो सुकं खोबरं. आम्ही घरात पाच माणसं. आई म्हणाली, ‘‘एवढं कशाला?’’

‘‘असू दे,’’ बाबा म्हणाले आणि पिशवी आजीजवळ ठेवून हातपाय धुवायला गेले.