मार्गदर्शक फलक, पर्यटनस्थळांतील
अपरिचित पर्यटनस्थळी आलेल्या व्यक्तीस आपण कोठे आहोत, इष्ट स्थळ कोणत्या दिशेस व किती अंतरावर आहे आणि परत कसे जावयाचे, हे दर्शविणाऱ्या नामफलक, दिशाफलक व नकाशाफलक यांची योजना. परिसराची मनातील प्रतिमा व प्रत्यक्ष खुणा यांच्या आधारे माणूस मार्ग शोधतो, हा विचार अमेरिकन नगररचनाकार केव्हिन लिंच (१९१८–८४) यांनी द इमेज ऑफ द सिटी (१९६०) या ग्रंथात मांडला. नवख्या व्यक्तीजवळ अशी प्रतिमा नसते; ती उणीव फलकांनी भरून काढावयाची असते. म्हणून फलकांचे मूल्यमापन त्यांच्या संख्येवरून न करता नवख्या व्यक्तीच्या वर्तनावरून करणे आवश्यक ठरते.

मूल्यमापनाची पद्धती : प्रथम प्रवेशस्थानापासून पायी फिरून प्रत्येक फाट्याची नोंद करतात. तेथे फलक आहे की नाही, तो वळणापूर्वी दिसतो की झाडी वा जाहिरातींआड जातो आणि एकदा निर्देशिलेले नाव पुढील प्रत्येक फाट्यावर त्याच रूपात आढळते काय, हे तपासतात. हीच पाहणी परतीच्या दिशेनेही करावी लागते. त्यानंतर वाचनीयता पाहतात. देवनागरीतील मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे दुरून एकमेकांत मिसळतात; त्यामुळे केवळ रोमन अक्षरांवरून ठरविलेला आकार त्यांना अपुरा पडतो. शेवटी, स्थळाची माहिती नसलेल्या व्यक्तींना ठराविक ठिकाणी जाण्यास सांगून लागलेला वेळ, चुकलेली वळणे व करावी लागलेली विचारपूस यांची नोंद करतात. ही चाचणी स्थानिकांकडून करवून घेणे व्यर्थ होय. कारण वाट पाठ असलेल्यास फलकातील उणीव जाणवत नाही.

चित्रचिन्हे : भाषाभेदावर उपाय म्हणून चित्रचिन्हे वापरतात. अमेरिकेच्या परिवहन विभागासाठी १९७४ मध्ये ३४ चिन्हे तयार करण्यात आली. १९७९ मध्ये त्यांची संख्या ५० झाली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अशा चिन्हांचे आयएसओ ७००१ हे मानक १९८० मध्ये प्रसिद्ध केले. तथापि चिन्हाचा अर्थ सर्वांना कळेलच असे नाही. म्हणून त्याच्या आकलनाचीही चाचणी घेतात.

माथेरानचे उदाहरण : रायगड जिल्ह्यातील माथेरान या गिरिस्थानी पर्यटकांची मोटारवाहने दस्तुरी नाक्यापाशी थांबतात व पुढे बव्हंशी पायी वा घोड्यावरून फिरावे लागते. दाट झाडीमुळे दूरच्या खुणा दिसत नाहीत. पावसाळ्यात धुक्याने अडचण वाढते. पॉर्क्युपाइन पॉइंट हेच सनसेट पॉइंट म्हणूनही ओळखले जाते. एका फलकावर एक व दुसऱ्यावर दुसरे नाव असल्यास नवख्यास ती दोन स्थळे वाटतात. शिवाय सूर्यास्त पाहून परतताना अंधार पडतो. अशा वेळी कड्याजवळच्या वाटेवर चुकलेले वळण केवळ गैरसोयीचे न राहता जीवावर बेतू शकते. त्यामुळे येथील फलकांची खरी कसोटी दिवसा जातानाच्या वाटेवर नव्हे, तर सायंकाळी परतीच्या वाटेवर लागते.