टोक आणि टिकली

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

निवडणूक जाहीर झाली की आमच्या लोह्यात एक दृश्य हमखास दिसते. परवान्याच्या बंदुका घेऊन माणसे पोलीस ठाण्यात येतात, बंदूक जमा करतात, पावती खिशात घालतात आणि चहा पिऊन गावी परततात. कुणाची ठासणीची, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली. कुणाची बारा बोअरची, आजोबांच्या वेळची. एकदा चहाच्या टपरीवर अशाच घोळक्यातल्या एका तरुणाने मला विचारले, ''चाचा, इंग्रजी सिनेमात घोड्यावरचा माणूस बंदुकीखालचा दांडा खट्‌खट् हलवतो आणि गोळ्यांवर गोळ्या झाडतो. त्या गोळ्या असतात तरी कुठे?''

मी कवी माणूस. बंदुकीशी माझा संबंध शब्दापुरताच. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि मी वाचू लागलो. जे समजले ते एवढ्यासाठी सांगतो, की त्यात बंदूक कधीही हाती न धरणाऱ्यालाही घेण्यासारखे काही आहे.

आधी काडतूस समजून घेऊ. पितळेचे नळकांडे, आत दारू, तोंडाशी गोळी आणि बुडाशी मधोमध एक छोटीशी टिकली. तिला प्रायमर म्हणतात. दिवाळीत लहान मुले टिकल्या फोडतात, तोच प्रकार. माळेगावच्या जत्रेतून आणलेल्या पत्र्याच्या पिस्तुलात मीही त्या फोडल्या आहेत. पिस्तूल मोडल्यावर दगडाने फोडल्या, अंगठा भाजून घेतला आणि वर अम्मीचा मार खाल्ला. टिकलीला आग लावावी लागत नाही, नेमका ठोका पुरतो. बंदुकीत तो ठोका चापामुळे सुटणारी टोकदार पिन देते. टिकली पेटते, तिच्यामुळे दारू पेटते आणि गोळी सुटते.

आता सिनेमातली बंदूक. अमेरिकेत १८६० साली हेन्री रायफल आली आणि पुढे विंचेस्टर कंपनीच्या १८७३ आणि १८९४ सालच्या रायफली गाजल्या. या बंदुकांत नळीच्या खाली दुसरी एक नळी असते. तीत काडतुसे एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी बसतात. पुढून स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते. दांडा हलवला की रिकामे नळकांडे बाहेर पडते आणि नवे काडतूस आत चढते. त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

डबे एकामागे एक म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेले. बुडाशी काय असते? टिकली! बंदूक उडाली की ती मागे धक्का देते. त्या धक्क्याने नळीतली काडतुसे एकमेकांवर आदळतात. गोळीचे टोक अणकुचीदार आणि कठीण असेल, तर ते पिनेचेच काम करू शकते. चाप न ओढता नळीतले काडतूस उडते आणि एकामुळे दुसरेही उडू शकते. बंदूक धरणाऱ्याचा डावा हात नेमका त्याच नळीखाली असतो. असे दरवेळी होत नाही, क्वचितच होते. पण क्वचित होणाऱ्या गोष्टीचीच माणूस फिकीर करत नाही.

कारागिरांनी यावर उपाय शोधले. हेन्रीच्या काडतुसात पेटणारे रसायन मधोमध नव्हते, बुडाच्या कडेला होते, म्हणून टोकाची भीती नव्हती. पुढे टिकली मध्यभागी आली, तेव्हा गोळीचे तोंड चपटे किंवा बोथट ठेवले गेले. पण टोकदार गोळी हवा कापत दूर जाते, म्हणून सैन्यांना तीच हवी होती. फ्रान्सच्या १८८६ सालच्या लेबेल रायफलीत अशीच नळी होती. १८९८ मध्ये तिच्यासाठी टोकदार गोळी आली, तेव्हा काडतुसाच्या बुडावर टिकलीभोवती गोल खाच पाडली. मागचे टोक त्या खाचेत अडकावे, टिकलीवर जाऊ नये, एवढाच हेतू. विंचेस्टरनेही १८९५ मध्ये नळी सोडून पेटीची रायफल काढली. पेटीत काडतुसे एकावर एक झोपतात, टोक कुणाच्याच पाठीला लागत नाही. अलीकडे, गेल्या वीसेक वर्षांत, मऊ प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्याही निघाल्या आहेत.

आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षे जी 'थ्री नॉट थ्री' होती, ती पेटीची. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात तीच जुनी बंदूक होती. परवान्यावर मिळणारी ३१५ बोअरची देशी रायफलही पेटीचीच. म्हणून हा नळीचा धोका आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. पण त्यामागचा नियम आपल्याला चांगलाच ठाऊक असायला हवा. स्फोटक वस्तूच्या शेजारी काय ठेवतो, हे त्या वस्तूइतकेच महत्त्वाचे असते.

१४ एप्रिल १९४४ आठवा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. कापूस किती लवकर धुमसतो, हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. दुपारी धूर दिसला आणि चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे गेली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.

आणि धक्क्याचे म्हणाल, तर वर्धा जिल्ह्यातले पुलगाव फार लांब नाही. तिथे २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत जवळच्या गावांतले मजूर होते. दारूगोळा जुना झाला म्हणजे निवला, असे नसते.

तेव्हा घरात परवान्याची बंदूक असेल तर चार गोष्टी पाळाव्यात. त्या बंदुकीसाठी सांगितलेलेच काडतूस वापरावे, नळीच्या बंदुकीत कठीण टोकाची गोळी कधीही भरू नये. बंदूक रिकामी करूनच ठेवावी. काडतुसे वेगळी, कुलपात आणि कोरडी ठेवावीत, खिळे-मोळे असलेल्या डब्यात टाकू नयेत. जुने, गंजलेले काडतूस ठोकून, उघडून पाहू नये. शेतात असे काही सापडले तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

तो तरुण पुढच्या निवडणुकीत पुन्हा भेटला. मी त्याला हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ''चाचा, आमच्या घरी आजोबांची काडतुसं खिळ्यांच्या डब्यातच पडलीत. मुलं त्याच डब्याशी खेळतात.''

''मग चहा राहू दे,'' मी म्हणालो, ''आधी घरी फोन कर. मुलांना डब्यापासून लांब ठेवायला सांग.'' फोन करून तो तसाच ठाण्याच्या पायऱ्या पुन्हा चढला. काडतुसांचे काय करायचे ते विचारायला.