दोघांत उजवं कोण?

ऑगस्ट २०२४मध्ये ऑस्ट्रेलियाची ब्रेकडान्सर रेगन जगभरातल्या मोबाइलवर फिरली. पॅरिस ऑलिम्पिकमधल्या तिच्या कांगारूछाप उड्या आणि खाली एक ओळ : तिन्ही लढतींत शून्य गुण. आपल्याकडेही तो व्हिडिओ खिदळत पुढे पाठवला गेला. पण तिला शून्य गुण कोणी दिलेच नव्हते. तिथे निकाल लागत होता मतांवर. परीक्षक नऊ, प्रत्येक लढतीत राउंड दोन, म्हणजे एकूण मतं अठरा. अमेरिकेची लॉजिस्टिक्स, फ्रान्सची सिसी आणि लिथुआनियाची निका या तिघींविरुद्ध ती १८-० अशी हरली.

अशा निकालात नऊही जणांना समोरची किंचित सरस वाटली तरी आकडा १८-० होतो आणि फरक जमीन-अस्मानाचा असला तरी तोच होतो. रेगन थोडक्यात हरली, असं मला अजिबात सुचवायचं नाही. निका तर पुढे रौप्यपदक घेऊन गेली. पण ‘किती वाईट’ हे त्या आकड्यात शोधणाऱ्यांना बॅटल म्हणजे काय, हेच कळलेलं नव्हतं. बॅटलच्या परीक्षकाला एकच ठरवायचं असतं. या राउंडमध्ये, या गाण्यावर, या दोघांत उजवं कोण?

ब्रेकिंग जन्मलं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने वाजवलेली पार्टी ही हिपहॉपची जन्मतारीख मानली जाते. गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा, म्हणजे ब्रेक, तो लांबवायचा आणि त्यावर पोरं नाचायची. भोवती कडं, म्हणजे सायफर. कोण जिंकलं हे कड्यातली माणसंच ओरडून सांगायची. पुढे स्पर्धा आल्या. १९९०मध्ये जर्मनीत बॅटल ऑफ द इयर सुरू झाली, २००४मध्ये रेड बुल बीसी वन. बीसी वनचा २०१९चा जागतिक अंतिम सामना तर मुंबईत झाला आणि नेदरलँड्सचा मेनो जिंकला. तिथली पद्धत साधी : पाच परीक्षक, पाच मतं. ऑलिम्पिकवाल्यांना मात्र निकालामागचा हिशेब दाखवता यायला हवा होता. म्हणून जर्मनीचा स्टॉर्म आणि ब्रिटनचा रेनेगेड या जुन्या बी-बॉइजनी, म्हणजे ब्रेकिंग करणाऱ्या नर्तकांनी, एक पद्धत बांधली. ती २०१८च्या ब्युनोस आयर्स युवा ऑलिम्पिकमध्ये वापरली गेली आणि पॅरिसमध्ये तिचं सुधारित रूप आलं.

पॅरिसमध्ये प्रत्येक परीक्षकासमोर पाच स्लायडर होते : तंत्र, मूव्ह्जचं भांडार, सफाई, संगीताची जाण आणि स्वतःचेपण. प्रत्येकाला २० टक्के वजन. स्लायडरच्या एका टोकाला एक नर्तक, दुसऱ्या टोकाला दुसरा. ‘हिला दहापैकी आठ’ असं म्हणायची सोयच नाही. एकीकडे सरकवायचं म्हणजे दुसरीकडून काढून घ्यायचं. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. निव्वळ गुण देणारा परीक्षक सकाळी हात आखडता ठेवतो आणि संध्याकाळी सढळ होतो. तुलनेत ही पळवाट उरत नाही. स्लायडरवर दिसणारे टक्के मात्र फार मनावर घेऊ नयेत. संगीताची जाण ५४ टक्के म्हणजे नेमकं काय, हे तो स्लायडर सरकवणाराही सांगू शकणार नाही. त्या पाच पट्ट्यांचा खरा उपयोग वेगळाच आहे. हेडस्पिन पाहून भारावलेल्या परीक्षकाला त्या आणखी चार गोष्टी बघायला लावतात.

त्यातली संगीताची जाण सगळ्यात निसरडी. गाणं डीजे निवडतो, नर्तकाला ते आधी माहीत नसतं. घरून घोटून आणलेला सेट कुठल्याही गाण्यावर जसाच्या तसा ओतणारे बरेच असतात. सफाई दिसते, टाळ्याही पडतात. अशा वेळी मनातल्या मनात गाणं बंद करून बघावं. नाचात काहीच बिघडलं नाही, तर समजावं की गाणं त्याने ऐकलंच नव्हतं. ज्याचं फ्रीझ, म्हणजे एका पोझमध्ये गोठणं, नेमकं ठोक्यावर येतं, ट्रम्पेट आल्यावर ज्याच्या पायांची चाल बदलते, तो त्या क्षणी नाच घडवत असतो.

दुसरी गोष्ट उत्तराची. कलगी-तुऱ्याच्या फडात समोरच्याने घातलेलं कोडं बाजूला ठेवून कुणी आपलं पाठ केलेलं गोड कवन म्हटलं, तर जाणकार श्रोता मान हलवत नाही. बॅटलही तशीच. समोरच्याने फुटवर्क मांडलं, तर तेच पुढे नेणं, उलटं करणं किंवा त्याची खिल्ली उडवणं हे उत्तर. पण मग दुसऱ्या क्रमांकाने नाचणाऱ्याला दुहेरी फायदा होतो. त्याला उत्तर देता येतं आणि परीक्षकाच्या डोळ्यांत ताजा तोच असतो. यावर जादूचा उपाय नाही. पहिल्याचं नाचून होताच दोन शब्द टिपून ठेवावेत, एवढंच.

गर्दीचं काय? एअरफ्लेअर, म्हणजे हातांवर उसळत हवेत अंग गरागरा फिरवणं, शेवटच्या रांगेतूनही दिसतं, म्हणून त्याला आरोळी मिळते. जमिनीलगतचं गुंतागुंतीचं फुटवर्क तिसऱ्या रांगेनंतर दिसतच नाही, आणि टीव्हीवर तर कॅमेरा नेमका तेव्हाच चेहऱ्याकडे वळतो. परीक्षक फ्लोअरच्या कडेला बसतो तो याचसाठी. त्यामुळे प्रेक्षक निकालावर ओरडले, की लगेच ‘सेटिंग’ म्हणण्याआधी ते कुठून बघत होते, हे विचारावं. हात सटकून झालेल्या क्रॅशचंही तसंच. क्रॅश झाला की हरला, असा नियम नाही. पडतानाच त्यातून नवी मूव्ह काढणारा बी-बॉय त्या क्षणी जिंकूही शकतो.

परीक्षक नर्तकच का लागतात, याचं कारण बाइटिंग, म्हणजे उचलेगिरी. कुठली मूव्ह कुणाची सही आहे, हे बाहेरच्याला कळणार नाही. पण हे जग छोटं आहे. परीक्षक कुणाचा गुरू असतो, कुणाच्या क्रूमधला, म्हणजे त्याच्याच नाचाच्या गटातला. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगच्या फ्रेंच परीक्षिकेवर दबावाचे आरोप झाले, कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं आणि सहापैकी गुण द्यायची जुनी पद्धतच पुढे मोडीत निघाली. नव्या पद्धतीत सुरुवातीला कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले, हेच लपवलं गेलं. मला तो उपाय उलटा वाटतो. मत द्यायचं तर उघड द्यावं आणि हरलेल्याने विचारलं तर कारण सांगावं. स्वतःचा शिष्य उतरला असेल, तर त्या लढतीपुरतं खुर्चीवरून उठावं.

आपल्याकडच्या कॉलेज फेस्टमध्ये किंवा मैदानातल्या जॅममध्ये ना स्लायडर असतात, ना नऊ माणसं. तीन पुरतात; जास्त घेतली तरी संख्या विषम हवी. एमसीने, म्हणजे सूत्रसंचालकाने, तीन-दोन-एक म्हणताच तिघांनी एकाच क्षणी हात दाखवावा, शेजाऱ्याच्या हाताकडे बघून नव्हे. हाताची फुली म्हणजे बरोबरी, मग जादा राउंड. ही फुली जपून वापरावी, कारण दमलेल्या दोघांना पुन्हा नाचवलं की बहुधा दम जास्त असलेला जिंकतो, सरस असलेला नव्हे. दर दुसऱ्या लढतीला फुली करणारा परीक्षक असेल, तर संयोजकांनी पुढच्या वर्षी त्याला प्रेक्षकांत बसवावं.