विद्यापीठ आणि क्रीडांगण

‘सारा वेळ खेळण्यात घालवलास, तर अभ्यास कधी करणार?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. मी शिक्षक असल्यामुळे मीही तो पुष्कळदा विचारला आहे. अमेरिकेत मात्र विद्यापीठ आणि क्रीडांगण यांची सांगड फार घट्ट बसली आहे. ती विद्यार्थ्याच्या कितपत हिताची ठरते, हे आज एका उदाहरणावरून पाहू. ते उदाहरण आहे ओहायो राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठाचे, म्हणजे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे.

१८६२ साली अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. मध्यवर्ती सरकारने राज्यांना जमिनी द्याव्यात, त्यांच्या विक्रीतून निधी उभा राहावा आणि त्या निधीवर शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये चालावीत, अशी ती योजना होती. यांतील पुष्कळ जमिनी तेथील मूळ जमातींकडून हिरावून घेतलेल्या होत्या, हेही येथे सांगितले पाहिजे. शेतकऱ्या-कारागिरांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे, हा योजनेचा हेतू होता. तिच्या आधारे १८७० मध्ये ओहायोची ही संस्था स्थापन झाली. १८७३ मध्ये राजधानी कोलंबस येथे वर्ग भरू लागले आणि १८७८ मध्ये संस्थेस आजचे नाव मिळाले. सांप्रत तेथे ६०,००० हून अधिक विद्यार्थी शिकतात.

या विद्यापीठाचे भव्य क्रीडांगण १९२२ साली खुले झाले. त्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा असून आज तेथे एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. ही गर्दी लोटते ती अमेरिकन फुटबॉलसाठी. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याचा हा खेळ आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. त्याच्या उत्पन्नावर पोहणे, तलवारबाजी यांसारखे इतर अनेक खेळ पोसले जातात. १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांतील स्त्री-पुरुष भेदास बंदी केल्यानंतर मुलींच्या खेळांसही हक्काचे स्थान मिळत गेले.

परंतु या वैभवापेक्षा एका विद्यार्थ्याची हकीकत अधिक बोलकी आहे. १९३३ साली जेसी ओवेन्स हा कृष्णवर्णीय तरुण येथे दाखल झाला. त्याचे आजोबा गुलाम होते आणि वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. जेसी धावण्यात असामान्य होता. तथापि त्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहात कृष्णवर्णीयांना राहता येत नसे, म्हणून तो बाहेर बिऱ्हाड करून राही. फी भरण्यासाठी त्याने राज्याच्या विधानभवनात लिफ्ट चालवण्याचे काम केले. संघ दौऱ्यावर गेला, की त्याच्या जेवणाची सोय पुष्कळदा गोऱ्या सोबत्यांपासून निराळी होई.

२५ मे १९३५ रोजी मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे आंतरविद्यापीठीय सामने भरले. जेसीच्या पाठीला दुखापत झालेली होती. तरीही पाऊण तासाच्या अवधीत त्याने तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. त्या दिवशीची त्याची ८.१३ मीटरची लांब उडी पुढे २५ वर्षे कोणास ओलांडता आली नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याने चार सुवर्णपदके मिळवली.

पदकांनी मात्र पोट भरले नाही. पैशासाठी त्याने हौशी खेळाडूंची वाट सोडली. पुढे तर तो प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी घोड्यांशीही शर्यती धावला. त्याचे पदवीशिक्षण अपुरेच राहिले. विद्यापीठाने १९७२ साली त्यास सन्माननीय डॉक्टरेट दिली. आज तेथील एक क्रीडांगण त्याचे नाव मिरवते. विद्यार्थी असताना ज्यास वसतिगृहात एक खोली मिळाली नाही, त्याच्या नावाने पुढे क्रीडांगण उभे राहिले!

काळ आता पालटला आहे. २०२१ पासून अमेरिकेतील विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावलौकिकावर पैसे मिळवता येऊ लागले आणि २०२५ पासून विद्यापीठांना आपल्या क्रीडा-उत्पन्नाचा वाटाही त्यांना थेट देता येतो. ज्याच्या घामावर उत्पन्न उभे राहते त्यास वाटा मिळावा, हे न्याय्यच आहे. परंतु पैसा मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे नव्हे. बहुतेक खेळाडूंची खेळण्याची वर्षे थोडी असतात. पुढचे आयुष्य मोठे असते.

म्हणून, श्रोतेहो, विद्यापीठाने किती ढाली जिंकल्या एवढेच मोजून भागणार नाही. खेळणाऱ्या मुलास त्याने राहण्यास जागा, इतरांबरोबर एका पंक्तीचे जेवण आणि हाती विद्या दिली काय, हेही विचारले पाहिजे. आपल्या शाळांचा एखादा विद्यार्थी सामना जिंकून येतो, तेव्हा आपण त्यास हार घालतो. दुसऱ्या दिवशी त्याचा बुडालेला धडा त्यास जवळ बसवून शिकवणे, हेही आपलेच काम आहे.