वटीचे वजन आणि नियंत्रण आलेख

पाकाची तार, स्नेहाची वर्ती, भस्माचे वारितरत्व या परीक्षा वैद्यास परिचित आहेत. तथापि त्या त्या बॅचपुरत्याच असतात. महिन्याभरात काही हळूहळू सरकत आहे काय, हे त्यांतून कळत नाही. ते दाखविणारा नियंत्रण आलेख वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत मांडला.

समजा, यंत्रावर ५०० मि.ग्रॅ.ची गुग्गुळ वटी बनते आहे. दर अर्ध्या तासाने सलग ५ गोळ्या काढून स्वतंत्र तोलाव्यात. त्यांची सरासरी व विस्तार (सर्वाधिक वजा सर्वांत कमी) नोंदवावा. अशा २५ नोंदींची एकूण सरासरी ५०० व सरासरी विस्तार २० आला, तर २० ला ०.५७७ ने गुणून सुमारे ११.५ मिळतात. म्हणजेच सरासरीच्या आलेखाच्या सीमारेषा ४८८.५ व ५११.५. विस्ताराची वरची सीमा २.११४ पट, सुमारे ४२.

एखादा बिंदू रेषेबाहेर गेला, किंवा सलग ८ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूस पडले, तर विशेष कारण शोधावे: पंचाला चिकटलेला गुग्गुळ, हॉपरमध्ये कमी झालेले ग्रॅन्युल्स, पावसाळी दमटपणा. अन्यथा यंत्रास हात लावू नये. कारागीर मात्र गोळी ४ मि.ग्रॅ. जड दिसताच तेवढेच वजन उतरवतो! स्थिर प्रक्रियेत प्रत्येक मोजमापानंतर अशी दुरुस्ती केल्यास वजनांतील चढउतार घटत नाही, उलट सुमारे १.४ पट होतो.

येथे एक गल्लत वारंवार होते. फार्माकोपियाची मर्यादा (२५० मि.ग्रॅ. व त्यावरील अनावृत गोळीस सरासरीच्या ५ टक्के) एकेका गोळीसाठी असते, ती सरासरीच्या आलेखावर काढू नये. वरील उदाहरणात विस्तारास २.३२६ ने भागल्यास प्रमाण विचलन ८.६ येते, त्याची तिप्पट सुमारे २६, आणि मर्यादा २५. आलेख शांत असूनही प्रक्रिया कडेवरच आहे. येथे देखरेख वाढवून काही साधत नाही, ग्रॅन्युल्सची चाळण व शुष्कता सुधारावी लागते.

आसवारिष्टांत बॅचमागे एकच वाचन मिळते. तेथे लागोपाठच्या दोन बॅचमधील फरकांची सरासरी काढून २.६६ ने गुणावी. मध्यरेषेपासून तेवढ्या अंतरावर सीमा येतात. त्यासाठी निदान वीस बॅचच्या नोंदी हाती असाव्यात.